गोलकीपरचा विमा

आमच्या फुटबॉल मंडळाचं सामान एका लोखंडी पेटीत असायचं आणि पेटीच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला होता. दोन चेंडू, एक पंप, पंपाच्या तीन सुया (एक हरवते, एक वाकते), चुन्याची पिशवी, सुतळी, कापूस, आयोडीन, लिंबं, शिट्टी आणि जादा शिट्टी. सराव संपला की मी कागद वाचायचो, मुलं एकेक वस्तू दाखवायची, मग कुलूप लागायचं. या कामात मुलांची चुळबुळ व्हायची, पण चार वर्षांत आमची एकही शिट्टी हरवली नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी परभणीत पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि संध्याकाळी या मंडळाचा सेक्रेटरी. मुलं तेरा ते सोळा वर्षांची. खेळ शिकवायचं काम कॉलेजात गेलेली आमचीच जुनी मुलं करत. मी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नाही. मैदानाची परवानगी, एसटीचं बुकिंग, मोडलेल्या गोलपोस्टला सुतार, हे सगळं माझ्याकडे होतं.

शहरात मुलांचं दुसरं मंडळ एकच होतं, स्टेशनपलीकडचं. मैदान दोघांत एक. कोणत्या वारी कोणी खेळायचं ते वाटपही मीच करून दिलं होतं. त्या मंडळाचा कारभार एका मंडपवाल्याकडे होता. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं त्याचं दुकान. लहानथोर सगळे त्याला मामू म्हणायचे. तरुणपणी तो हैदराबादला कुठल्याशा संघातून खेळला होता आणि अजूनही पोटावर चेंडू झेलून दाखवायचा. त्याच्याकडे पेटी नव्हती. चेंडू दुकानात सतरंज्यांच्या गठ्ठ्याखाली कुठंतरी असायचा. मुलं येऊन तो शोधायची, एकमेकांना सतरंजीत गुंडाळायची, आणि चेंडू सापडला की टाळ्या वाजवायची. यात त्यांचा अर्धा सराव जायचा. तरी ती आमच्या बरोबरीने खेळायची, हे मला कधीच पटलं नाही.

एकदा आमच्या दोन मंडळांचा सामना होता. सुरू होण्याआधी मामूने स्वतःचा लाउडस्पीकर लावला आणि जाहीर केलं, "आमच्या मंडळाच्या सगळ्या पोरांचा विमा उतरवलेला हाय. खेळताना, सामन्याला येता-जाता कुणाला काही झालं, तर कंपनी खर्च देनार. आईबापांनी बेफिकीर ऱ्हावं."

मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक माझ्याकडे पाहू लागले. मी पेटी उघडली आणि झाकणावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यावर विमा नव्हता. दोन शिट्ट्या होत्या, तीन सुया होत्या. ज्या माणसाला स्वतःचा चेंडू सापडत नाही त्याला हे सुचलं आणि मला सुचलं नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी जेवताना लागली, दुसऱ्या दिवशी ऑफिसात लागली आणि खरं सांगायचं तर पुढेही बरेच महिने लागत राहिली. नंतर कळलं की एका विमा एजंटाच्या मुलीच्या लग्नाचा मंडप त्याने घातला होता आणि तिथं खुर्च्या मोजता मोजता हे ठरलं होतं.

त्या सामन्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. त्यांचा बॅक आमच्या मुलाच्या अंगावर धावत आला आणि म्हणाला, "लागू दे की मला, माझा इमा हाय. तुझा न्हाई, तू सरक."

आणि आमचा मुलगा खरंच सरकला. पुढच्या अर्ध्या तासात आमची सगळी मुलं सरकत होती. आम्ही हरलो. परत जाताना एकजण मला विचारत होता, "साहेब, इमा लावला की दुखत न्हाई का?"

आमच्याकडे तेव्हा एकच खरोखरचा खेळाडू होता, तो म्हणजे गोलकीपर. पेडगावचा. शाळेसाठी रोज गाडीने परभणीला यायचा आणि सराव करून संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. चेंडू त्याच्या हातात गेला की तिथंच राहायचा. तो होता म्हणून आम्ही मानवतसारख्या बाहेरगावच्या सामन्यांना जाऊ शकत होतो. तो गेला असता तर मंडळात नुसती पेटी उरली असती.

त्याची आई आठवडी बाजाराला भाजी घेऊन यायची. बाजार उठल्यावर ती रिकामी पाटी कमरेवर घेऊन मैदानावर आली.

"साहेब, मामूच्या पोरांचा इमा हाय म्हनतेत. आमच्याचा का न्हाई?"

"करायचाय, मावशी."

"कवा?"

"मानवतच्या सामन्यांच्या आधी."

"घरी चार म्हशी हायेत. माझं मनगट धरलंय, बाप रानात. दूध ह्योच काढतो. ह्याचा हात मोडला तर आमी काय करावं?" ती पाटी खाली न ठेवता बोलत होती. "मानवतपस्तोर तुमच्याकडं खेळंल. तवर इमा झाला तर झाला. न्हाईतर तिकडं जाईल. तिकडचे मामू बी चांगले हायेत."

त्या शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती.

"माझा शब्द आहे," मी म्हणालो. "विमा असल्याशिवाय त्याला मी मानवतला नेणार नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमाला इमा पायजे का मामूचं तोंड बंद करायचंय?"

"दोन्ही."

"आधी कोनतं?"

"गोलकीपर," मी म्हणालो. तिने मान खाली घातली, पण हसू मला दिसलं.

मग मी कामाला लागलो. मंडळासाठी गट अपघात विमा मिळतो, सराव आणि सामने दोन्हींना लागू होतो, हप्ता मुलामागे फार नसतो. तो मंडळाच्या सभासदांनी भरायचं मान्य केलं. शाळांमधून जन्मतारखेचे दाखले घेतले. ऑफिसातल्या टायपिस्टकडून नावं टाईप करून घेतली, एकही खाडाखोड नाही. मुलं वयानुसार लावली, सगळ्यांत मोठा वर, सगळ्यांत धाकटा खाली. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सरळ रकाने. विमा कंपनीच्या कचेरीत मी तो कागद दिला तेव्हा मला वाटलं होतं की असा अर्ज त्यांनी पाहिलाच नसेल.

तसंच झालं. अर्ज वरच्या कचेरीकडे गेला आणि तिथून परत आला. सोबत एक ओळ होती. सर्व खेळाडूंची जन्मतारीख एक जून दिसते, तरी खुलासा करावा.

मला यात खुलासा करण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. आमच्याकडे खेड्यात मूल कधी जन्मलं हे आईला आठवायचं ते पोळ्याच्या, पेरणीच्या, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या हिशोबाने. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं. मग गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहायचे. माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या बायकोची आहे. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे निवृत्तांच्या निरोपाचा एकच मोठा समारंभ व्हायचा आणि हार घाऊक दरात आणले जायचे. पण मी तारखांचा रकाना इतका सरळ लावला होता की दूरच्या शहरात बसलेल्या कुणालाही, चष्मा न लावता, एक जूनची ती उभी रांग दिसली असती.

मी दोन पानांचा खुलासा लिहिला. मुद्दे पाडून लिहिला. उत्तर येईना. मानवत जवळ येत चाललं. गोलकीपर सरावाला यायचा आणि काही विचारायचा नाही, पण त्याची आई बाजाराच्या दिवशी मैदानाच्या कोपऱ्यावर थांबून माझ्याकडे नुसती बघायची.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. एसट्या डेपोत थांबल्या, शाळा बंद राहिल्या, मानवतचे सामने पुढे ढकलले गेले. आमच्या मंडळात सगळ्या वस्त्यांची मुलं होती. काहींच्या घरचे मोर्चात होते, काहींच्या घरचे त्याविरुद्ध बोलत होते. मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळी येतात की नाही याची मला धास्ती होती. सगळी आली. नेहमीपेक्षा कमी बोलली, पण आली. म्हणजे सामने होणार होते, आणि विमा अजून नव्हता.

तेव्हा मी मामूच्या दुकानात गेलो. जायची इच्छा नव्हती. रस्त्यात दोनदा सायकल वळवावीशी वाटली.

तो खुर्च्यांच्या ढिगावर बसून माइकची वायर जोडत होता. "आओ सेक्रेटरीसाब. बसा, कुठंपन बसा. आज इकडं कसं काय?"

मी सरळ विचारलं. "तुमच्या मुलांच्या जन्मतारखा काय आहेत?"

"एक जून. आणखी काय असनार?"

"सगळ्यांच्या?"

"एकाची दोन जून हाय. त्याचे गुरुजी पहिल्या दिवशी आलेच नसतील."

"मग कंपनीने काही विचारलं नाही?"

"विचारलं की. कागद आला. मला तसलं लिहिता येत न्हाई, तुमाला ठाव हाय. मी पोरं घेतली आन कचेरीत गेलो. म्हटलं, साहेब, हे बघा. सगळ्यांना रांगेत उभं केलं आन म्हटलं, धरा रे कान. सगळ्यांनी डोक्यावरून हात नेला. साहेब आपल्याच सोनपेठकडले हायेत. खुर्चीतून उठून त्यांनी बी धरला." मामूने स्वतः वायर खाली ठेवून कान धरून दाखवला. "वर पत्र त्यांनीच लिहिलं. चार ओळींचं. झालं."

दोन पानं आणि मुद्दे.

"तुमची पोरं बोलवा," तो म्हणाला. "आत्ता जाऊ."

"मी जाईन. तुम्ही कशाला दुकान बंद करता?"

"अहो, बंदमदी बंदच होतं. चार दिवस कुनी एक खुर्ची नेली न्हाई. चला."

तो आलाच. कचेरीत आमची मुलं रांगेत उभी राहिली आणि त्यांनी कान धरले. गोलकीपरचा हात इतका लांब होता की कानाच्या खाली मानेपर्यंत गेला, तेव्हा बाकीची खिदळायला लागली. साहेब पण हसले आणि मामूला म्हणाले, "मामू, तुमी आलात म्हंजे झालं." मग माझ्याकडे वळले. "तुमचा खुलासा वाचला मी. सगळं बरोबर लिहिलंय. पन वरच्या साहेबांना वाटलं, इतकं समजावून सांगायलेत म्हंजे कायतरी भानगड हाय."

मामू दारात उभं राहून आमच्या मुलांना पोटावर चेंडू कसा झेलायचा ते पेपरवेटने दाखवत होता. माझी मुलं इतकी मोठ्याने हसलेली मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, हा माणूस आत्ताच्या आत्ता इथून जावा. आणि तो गेला असता तर काम झालं नसतं, हेही मला स्वच्छ दिसत होतं. उपकार करणाऱ्याचा हेवा वाटणं फार गैरसोयीचं असतं. चहा पाजावा लागतो. मी पाजला.

मानवतला निघायच्या आदल्या दिवशी पॉलिसी हातात आली. मी ती घेऊन बाजारात गोलकीपरच्या आईकडे गेलो. तिने हात पदराला पुसले आणि कागद धरला.

"ह्याच्यात माझ्या पोराचं नाव कुठंय?"

मी बोट ठेवलं.

"वाचा."

मी वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. शेजारच्या भाजीवाल्या बायांनी पण ऐकलं. "आन मामूचं नाव हाय का ह्यात?" एकीने विचारलं. "त्याचा काय संबंध?" मी म्हणालो, जरा जास्तच लवकर.

मानवतला आम्ही दोन सामने जिंकलो आणि तिसरा हरलो. गोलकीपर सुरेख खेळला. धान्याच्या मोंढ्यातले हमाल त्याला बघायला येऊन उभे राहिले. परतीच्या एसटीत मी पहिल्यांदाच निवांत होतो. मुलगा आपल्याकडे, विमा आपल्याकडे, आई समाधानी. यात काही राहून गेलंय असं मला वाटलं नाही.

पुढच्या सरावानंतर पेटी बंद करताना गोलकीपर माझ्याजवळ थांबून राहिला.

"साहेब, मला तिकडं खेळायचंय."

मला आधी कळलंच नाही. "तिकडं कुठं? मामूकडं? अरे, विमा तर झाला."

"इमा आईला पायजे व्हता."

"मग तुला काय पाहिजे?"

तो पायाने माती उकरू लागला. मग म्हणाला, "तिकडं चेंडू सापडत न्हाई, साहेब. हुडकताना लय मजा येती."

मी पेटीत बघितलं. दोन्ही चेंडू जागच्या जागी होते. त्याला थांबवायला माझ्याकडे जे जे होतं ते सगळं करून झालं होतं. मी कागद काढला, हरकत नाही असं लिहिलं, सही केली आणि त्याच्या हातात दिला. तो पाया पडायला वाकला. मी म्हणालो, "गाडी चुकेल, जा."

त्या आठवड्यात मामूने मुलगा पळवला असं मी शेजाऱ्याला सांगून पाहिलं, पण मला स्वतःलाच ते पुरेसं खरं वाटेना. पळवला असता तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं.

त्यांच्या सरावाच्या दिवशी मी मैदानावरून जात होतो, म्हणजे मुद्दामच गेलो होतो. तो त्यांच्या गोलात उभा होता. तो झेपावला, पडला, उठला. आणि मला एकदम दुसरंच काहीतरी लक्षात आलं. मी सायकल लावून थेट मैदानात गेलो.

"याचं नाव तुमच्या पॉलिसीत घातलं का?"

"टाकू की," मामू म्हणाला. "तुमच्यात हाय न त्याचं."

"आमची पॉलिसी आमच्या मंडळाच्या खेळाला. तो तुमच्या गोलात उभा राहिला की आमचा विमा त्याला लागू नाही, आणि तुमच्यात त्याचं नाव नाही. आत्ता पडला तो तसाच पडला."

"दोन दिवसांनी टाकतो, साब. दोन दिवसांत काय होतंय?"

मी गोलकडे वळून म्हणालो, "बाहेर ये."

मुलगा हलला नाही. त्याने मामूकडे पाहिलं. बाकीची मुलं थांबली. एकजण म्हणाला, "तुमचं मंडळ तिकडं हाय, साहेब, आज आमचा वार हाय." ते बरोबर होतं, वार मीच ठरवले होते.

"त्याच्या आईला मी शब्द दिलाय," मी मामूला म्हणालो. "मंडळ बदललं म्हणून शब्द बदलत नाही."

मामू पहिल्यांदाच हसला नाही. त्याने शिट्टी शोधली, ती सापडली नाही, मग तोंडात दोन बोटं घालून वाजवली. "बेटा, भाईर ये. साहेब बराबर बोलायलेत." मुलगा बाहेर आला आणि बूट सोडायला लागला.

अर्ज मी तिथंच सायकलच्या सीटवर ठेवून लिहिला, मामूची सही घेतली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून स्वतः कचेरीत नेऊन दिला. मामूवर सोपवलं असतं तर तो अर्ज सतरंज्यांखाली गेला असता. साहेबांनी नाव वाचलं. "हा तर तुमचा पोरगा व्हता."

"होता," मी म्हणालो. "पॉलिसीला नावाची पुरवणी आजच मिळेल का?"

बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या गोलकीपरसाठी रजा टाकली?" तिने ताटात एक भाकरी जास्त वाढली.

बाजाराच्या दिवशी त्याच्या आईला सांगायला गेलो. तिला मंडळ बदलल्याचं कळलं होतं. "मामूकडं बी इमा लागू हाय ना?" तिने विचारलं.

"आहे. मी स्वतः करून आणलाय."

"तुमी केलाय ना? मग मला घोर न्हाई."

हे वाक्य मी मामूला जाऊन सांगितलं. पुढच्या भेटीत पुन्हा सांगितलं.

पावसाळा संपल्यावर आमचा त्यांच्याशी सामना झाला. आमच्या गोलात एक नवीन, बुटका पोरगा होता. बरोबरी चालली होती आणि शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या मुलाने चेंडू जोरात, खालून, कोपऱ्यात मारला. मला वाटलं, झालं. पेडगावचा पोरगा आडवा उडाला, दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि गोलपोस्टवर खांद्याने आदळला. मी उभा राहिलो. माझ्या शेजारी आमचीच मुलं टाळ्या वाजवायला लागली होती. मामू मैदानात धावत सुटला होता.

पोरगा उठून बसला. त्याने चेंडू बाजूला ठेवून हात झटकले, मुठी मिटल्या, उघडल्या. बोटं सगळी हलत होती. तेवढं बघून मी खाली बसलो. टाळी मी वाजवली नाही. तो गोल झाला असता तर आम्ही जिंकलो असतो.